मिथेनचा हिशेब तबेल्याच्या दारात

ग्लासगो येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये भरलेल्या हवामान परिषदेत अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या पुढाकाराने 'जागतिक मिथेन प्रतिज्ञा' जाहीर झाली. मिथेन वायूचे उत्सर्जन २०३० पर्यंत २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी घटविण्याचा हा सामूहिक संकल्प. त्यात आजवर दीडशेहून अधिक देश सामील झाले. भारत, चीन आणि रशिया मात्र बाहेर राहिले. आता ही मुदत जवळ येऊन ठेपली असताना भारतावर पुन्हा दबाव येणार, हे उघड आहे. शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊन वातावरण वाचविण्याचा सौदा मान्य नाही, हे दिल्लीचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते चुकीचेही नाही. परंतु ते पुरेसे आहे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर परिषदांच्या सभागृहांपेक्षा भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या, शहर आणि शेती यांच्या सीमेवर वसलेल्या वस्त्यांभोवती शोधणे अधिक उपयोगाचे ठरेल.

मिथेनविषयी एवढी घाई का, हे आधी समजून घेतले पाहिजे. कार्बन डायऑक्साइड वातावरणात गेला की त्याचा काही भाग शेकडो वर्षे तेथे टिकून राहतो. मिथेनचे आयुष्य मात्र सुमारे १२ वर्षांचे. पण या अल्प आयुष्यात तो कमालीचा दाहक असतो. वजनास वजन तुलना केल्यास वीस वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवितो. औद्योगिक क्रांतीनंतर झालेल्या तापमानवाढीपैकी सुमारे ३० टक्के वाटा या एकट्या वायूचा मानला जातो. साहजिकच, मिथेन कमी केला तर त्याचा परिणाम याच पिढीला दिसू शकतो. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या अहवालानुसार मानवनिर्मित मिथेन २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी घटविल्यास २०४० च्या दशकापर्यंत सुमारे ०.३ अंश सेल्सिअस तापमानवाढ टळेल. त्याच अहवालानुसार हा मिथेन येतो तो प्रामुख्याने तीन ठिकाणांहून. सुमारे ४० टक्के शेती व पशुपालनातून, ३५ टक्के कोळसा, तेल व नैसर्गिक वायूच्या व्यवसायातून, आणि २० टक्के कचरा व सांडपाण्यातून.

भारताचा संशय कोठून आला?

भारताच्या नकाराला इतिहास आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकी पर्यावरण संस्थेने भारतातील भातशेतीतून वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन बाहेर पडतो, असा अंदाज मांडला होता. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये देशभरातील भातखाचरांत प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा तो आकडा सुमारे ४० लाख टनच निघाला. परदेशी अंदाज नऊ पटींहून अधिक फुगलेला होता. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांत फरक केला पाहिजे, असा मुद्दा मांडला. भाताच्या खाचरातून निघणारा वायू आणि दुसऱ्या-तिसऱ्या मोटारीतून निघणारा धूर एकाच तराजूत तोलता येणार नाहीत, ही भूमिका तेव्हापासून भारताच्या हवामानविषयक धोरणाचा कणा बनली आहे.

हिशेबाची पद्धत बदलली की दोषाचे वाटपही कसे बदलते, हे एका म्हशीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. आंतरराष्ट्रीय प्रमाणकांनुसार एक म्हैस रवंथाच्या प्रक्रियेत वर्षाला सुमारे ५५ किलो मिथेन बाहेर टाकते. शंभर वर्षांच्या मापाने याची बरोबरी दीड टन कार्बन डायऑक्साइडशी होते. वीस वर्षांचे माप लावले तर तीच म्हैस जवळजवळ साडेचार टनांची धनी ठरते. म्हैस तीच, तिचा चाराही तोच. फक्त माप बदलले. २०१९ च्या पशुगणनेनुसार ज्या देशात १९ कोटींहून अधिक गायी-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत, त्या देशाने अशा मापांविषयी सावध असणे स्वाभाविक आहे. भारताच्या स्वतःच्या नोंदींनुसार २०२० मधील एकूण उत्सर्जनात मिथेनचा वाटा सुमारे १३ टक्के होता आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग शेती व पशुपालनाचा आहे. म्हणजे मिथेन-कपातीचा बोजा टाकायचा झाला, तर तो प्रथम दोन-चार जनावरे आणि एक-दोन एकर भात असलेल्या कुटुंबावरच पडेल.

येथवर भारताची बाजू भक्कम आहे. परंतु 'शेतीचा मिथेन' हा एकच शब्दप्रयोग परस्परांहून अगदी वेगळ्या गोष्टी झाकतो. गावातील दोन म्हशींचा गोठा आणि शहराच्या कडेला शेकडो म्हशी बांधलेला तबेला हे दोन्ही त्यात येतात. पहिल्याला संरक्षण हवे; दुसऱ्याला ते त्याच कारणासाठी मिळावे काय?

एकाच शेणाच्या तीन वाटा

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या नावातच निजामपुऱ्याची ओळख कायम आहे. यंत्रमागांचे हे शहर. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सात लाखांहून अधिक नोंदली गेली. मागांच्या खडखडाटापलीकडे शहराच्या कडेला आणि तालुक्यात म्हशींचे तबेले आहेत. मुंबई-ठाण्याची दुधाची गरज भागविणारी ही जुनी व्यवस्था. शहर वाढले की तबेले पुढे सरकतात. १९४९ मध्ये मुंबईच्या वस्तीतील तबेल्यांना पर्याय म्हणून गोरेगावला आरे दुग्धवसाहत उभी राहिली, तेव्हाही गोरेगाव शहराबाहेरच होते. तबेला हलतो, त्याचे शेण मात्र जेथे जाईल तेथे प्रश्न बनून राहते.

एक म्हैस दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण टाकते. या शेणातून किती मिथेन बाहेर पडेल, हे ते कोणत्या वाटेने जाते यावर अवलंबून असते. खेड्यात शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात किंवा ते उकिरड्यावर सुकते. हवेशी संपर्क असल्याने मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना तेथे फारसा वाव मिळत नाही. अशा वेळी वर्षाला एका म्हशीमागे जेमतेम चार-पाच किलो मिथेन निघतो. शहरी तबेल्यात जागा नसते, वाळवण्यास अंगण नसते, आणि गोठा धुण्यासाठी पाण्याचा मारा ही सोपी सोय असते. शेण पाण्याबरोबर गटारात, तेथून नाल्यात आणि शेवटी नदीत जाते. साचलेल्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात तेच शेण कुजले की मिथेनचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. भिवंडीच्या कडेने वाहणाऱ्या कामवारी नदीच्या दुरवस्थेची चर्चा बहुधा रंगप्रक्रिया कारखान्यांच्या सांडपाण्यावर थांबते. नाल्यातून जाणारे शेण दुर्गंधीचा आणि डासांचा विषय मानले जाते, हवामानाचा नव्हे.

तिसरी वाट बायोगॅसची. हवाबंद टाकीत शेण कुजविले की मिथेन तयार होतो, पण तो वातावरणात न जाता चुलीत किंवा बाष्पकात जळतो. जळल्यावर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तापमानवाढीतील त्याची दाहकता कित्येक पटींनी उतरते. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो. शंभर म्हशींच्या तबेल्यातून दररोज ६० ते ८० घनमीटर, म्हणजे घरगुती वापराच्या सुमारे दोन गॅस सिलिंडरांइतके इंधन निघू शकते. हजार म्हशींचे शेण एकत्र आणले तर रोज सुमारे ८०० किलो ते एक टन लाकडाइतकी उष्णता मिळेल. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक वाटा आयातीचा असताना ही उष्णता गटारात सोडणे हा दुहेरी तोटा आहे.

भिवंडीत या उष्णतेला गिऱ्हाईकही दारातच आहे. मागावर चढविण्यापूर्वी सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्यांना वाफ लागते आणि त्यांच्या बाष्पकांत लाकूड व कोळसा जळतो. त्यांच्या धुराविषयी रहिवाशांच्या तक्रारी जुन्या आहेत. शेणाचा वायू सिलिंडरमध्ये भरायचा किंवा वाहनांत वापरायचा तर तो शुद्ध करून दाबाखाली साठवावा लागतो. बाष्पकात मात्र तो फारशा प्रक्रियेविना जाळता येतो. तबेले आणि सायझिंग यांची सांगड घातल्याने भिवंडीचा संपूर्ण इंधनप्रश्न सुटणार नाही, हे वरील आकड्यांवरूनच दिसते. पण काही बाष्पकांचे लाकूड वाचेल, नाल्यातील घाण कमी होईल आणि मिथेन अडेल. एका खर्चात तीन कामे होण्याची अशी संधी शहरांना क्वचित मिळते.

मग हे होत का नाही?

तंत्रज्ञानाचा अभाव हे कारण निश्चितच नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्यापासून मिळणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला होता. जशभाई पटेल यांनी विकसित केलेले तरंगत्या टाकीचे संयंत्र खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात देशभर नेले आणि 'गोबरगॅस' हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुळला. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांचे 'निसर्गऋण' संयंत्र स्वयंपाकघरातील कचऱ्यासाठी पुढे आले. पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या घरगुती संयंत्राला २००६ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शतकाहून अधिक काळ हे ज्ञान मुंबई-पुण्याच्या परिसरातच नांदते आहे.

अडचण आहे ती व्यवस्थेची. गोबरगॅसची अनेक संयंत्रे बंद पडली, कारण टाकीला गंज चढला, दुरुस्ती करणारा मिळाला नाही, जनावरे कमी झाली किंवा घरात सिलिंडर आला. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आखलेल्या 'सतत' योजनेत २०२३-२४ पर्यंत पाच हजार प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन दाबयुक्त बायोगॅस असे उद्दिष्ट होते. मुदत संपली तेव्हा प्रत्यक्षात सुरू झालेले प्रकल्प शंभराच्याही आत होते. कच्च्या मालाचा नियमित पुरवठा, उरलेल्या मळीला बाजार आणि वायूच्या खरेदीची हमी, या तीन गोष्टी जुळल्या नाहीत. शहरी वायू वितरण कंपन्यांना २०२५-२६ पासून एक टक्का आणि पुढे वाढत जाऊन २०२८-२९ पासून पाच टक्के बायोगॅस मिसळण्याचे बंधन घातल्याने खरेदीची बाजू आता काहीशी सावरेल. ठाणे-भिवंडी परिसरात नळाने वायू पुरविणाऱ्या महानगर गॅसलाही हे बंधन लागू होते. पण पुरवठ्याची बाजू दिल्लीत जुळणारी नाही. ती गल्लीतच जुळवावी लागेल.

तबेल्याच्या मालकाचा विचार केला तर शेण नाल्यात सोडणे त्याला फुकट पडते. ते गोळा करून देण्यास मनुष्यबळ लागते. शिवाय पाण्याने पातळ झालेले शेण संयंत्राच्या उपयोगाचे राहत नाही, म्हणजे गोठा धुण्याची सवयच बदलावी लागते. बहुतेक तबेले भाड्याच्या किंवा वादग्रस्त जागेवर असताना त्यात कोणी गुंतवणूक करणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये तबेले व गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांचा अंमल कारवाईच्या धाकावरच राहिला तर तबेले आणखी दहा किलोमीटर पुढे सरकतील आणि नवा नाला शोधतील. त्याऐवजी महापालिकेने शेण उचलण्याची व्यवस्था करावी, जागा द्यावी, सायझिंग कारखान्यांशी दीर्घ मुदतीचा खरेदी करार घडवून आणावा आणि मळी तालुक्यातील भात व भाजीपाला उत्पादकांपर्यंत पोहोचवावी. मगच नाल्यात शेण सोडणाऱ्यास दंड करण्याचा नैतिक अधिकार तिला उरेल.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. बायोगॅसने शेणातील मिथेन अडतो. म्हशीच्या ढेकरातून जाणारा मिथेन त्याने अडत नाही. तो कमी करण्याचा मार्ग चाऱ्यातून जातो. भाताचा पेंढा व सुके गवत यांवर पोसलेले जनावर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे अधिक मिथेन सोडते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमातून खर्च घटला, दूध वाढले आणि लिटरमागील मिथेनही कमी झाला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळुरू येथील संस्थेने विकसित केलेल्या 'हरित धारा' या पूरक खाद्याने मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटल्याचे सांगितले जाते. दुसरी गोष्ट, गळके संयंत्र हे नसलेल्या संयंत्रापेक्षा वाईट. बंद टाकीत मिथेन मुद्दाम तयार करायचा आणि तो फटीतून वातावरणात सोडायचा, याला हवामानरक्षण म्हणता येणार नाही. म्हणून उद्घाटनापेक्षा देखभालीचा करार महत्त्वाचा.

खाचर, गोदाम आणि खाण

तालुक्यातील दुसरा स्रोत भाताचा. पावसाळ्यात तुंबलेल्या खाचरात मातीला प्राणवायू मिळत नाही आणि शेणाप्रमाणेच तेथेही मिथेन तयार होतो. खाचर अधूनमधून सुकू दिल्यास उत्सर्जन ३० ते ५० टक्क्यांपर्यंत घटते, असे प्रयोग सांगतात. पण हा सल्ला पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यास सोपा आहे. कोकणच्या धो धो पावसात खाचर कधी भरेल आणि कधी रिकामे होईल, हे शेतकऱ्याच्या हाती नसते. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले 'सगुणा राईस तंत्र' येथे अधिक जवळचे वाटते. कायमस्वरूपी गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही. शेतकरी त्याकडे वळतो तो मजुरी वाचते म्हणून. मिथेन कमी होणे हा त्याच्या दृष्टीने आनुषंगिक लाभ. या पद्धतीत तणनाशकावर भिस्त असते, आणि खाचर सुके राहिल्याने नायट्रस ऑक्साइड हा दुसरा उष्णताशोषक वायू वाढू शकतो, हेही दृष्टिआड करता येत नाही. तरीही शेतकऱ्याच्या फायद्याशी जोडलेली सुधारणाच टिकते, हा धडा त्यातून मिळतो.

भिवंडीत एक विपरीत गोष्टही घडली आहे. मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात भाताच्या जमिनींवर गोदामे उभी राहिली. खाचर बुजले की त्याचा मिथेन थांबतो. कागदावरील हिशेबात ही कपातच दिसेल! पण त्याजागी काँक्रीट, मालमोटारी आणि डिझेल आले, पावसाचे पाणी मुरण्याची जागा गेली. मिथेनचा आकडा एकटाच पाहण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार?

ऊर्जाक्षेत्राची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे मिथेन कोट्यवधी गोठ्यांत विखुरलेला नाही; तो मोजक्या कंपन्यांच्या विहिरी, झडपा, नळ आणि खाणींत सापडतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते जीवाश्म इंधनांच्या व्यवसायातील सुमारे ७० टक्के मिथेन आज उपलब्ध असलेल्या तंत्राने टाळता येतो आणि अडविलेला वायू विकता येत असल्याने त्यातील बराच खर्च भरून निघतो. मुंबई हायमधून वायू काढणाऱ्या ओएनजीसीने २०२३ च्या दुबई परिषदेत तेल कंपन्यांच्या सनदेवर सही करून २०३० पर्यंत उत्पादनस्थळीचा मिथेन जवळजवळ शून्यावर आणण्याचे मान्य केले आहे. म्हणजे देशाने जे वचन दिले नाही, ते देशाच्या कंपनीने आपल्यापुरते दिलेले आहे. भारताच्या एकूण मिथेनमध्ये ऊर्जेचा वाटा लहान असला तरी कपातीचा प्रारंभ येथूनच व्हावयास हवा, कारण येथे कोणाच्या ताटातील घास कमी होत नाही. देशाचे कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेले असताना विदर्भासह सर्व कोळसापट्ट्यांतील खाणींच्या मिथेनचे मोजमाप आणि त्याची जाहीर नोंद ही किमान अपेक्षा आहे.

क्रम असा लागतो. प्रथम तेल, वायू व कोळसा. नंतर शहरांचा कचरा आणि तबेल्यांचे शेण. त्यानंतर, लाभ दाखवून, भात. आणि खेड्यातील दोन म्हशींच्या गोठ्यावर कर किंवा बंधन कधीच नाही. न्यूझीलंडने जनावरांच्या ढेकरांवर आकार लावण्याची योजना शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २०२४ मध्ये सोडून दिली. डेन्मार्कने मात्र त्याच वर्षी २०३० पासून असा कर लागू करण्याचे ठरविले. मोठे कळप आणि श्रीमंत सरकार असलेल्या देशांतही जो प्रश्न एवढा वादग्रस्त ठरतो, तेथे भारताने शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहणे योग्यच आहे.

परंतु शेतकऱ्याच्या नावाने मिळविलेली सवलत गटारांनी वापरावी, हे मात्र योग्य नाही. जगण्यासाठीचे उत्सर्जन हा युक्तिवाद गरीब कुटुंबाच्या चुलीला आणि खाचराला लागू होतो. नाल्यात वाहून जाणाऱ्या शेणाला, गळक्या झडपेला किंवा धुमसणाऱ्या कचराभूमीला नव्हे. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर ती रेषा ठामपणे आखायची असेल, तर घरातही ती आखावी लागेल. ग्लासगोच्या कागदावर सही न करण्याचा अधिकार देशाला आहे. कामवारीत जाणारे शेण थांबविण्यासाठी मात्र कोणत्याही देशाच्या सहीची वाट पाहण्याचे कारण नाही.